मालेगाव ते नाशिक : गाडीतल्या लहरींचा हिशोब

मोसम पुलाकडून निघालेली चारचाकी मुंबई-आग्रा महामार्गाला लागते, तेव्हा तिच्यात किती रेडिओ यंत्रं चालू असतात? अलीकडे घेतलेली, एमएच ४१ नंबरची, घरच्यांना घेऊन नाशिकला दवाखान्यात किंवा लग्नाला निघालेली गाडी समोर धरू. चालकाच्या खिशात बटणाची चावी आहे आणि दाराच्या मुठीत त्या चावीला हाक देणारा अँटेना. स्क्रीनमध्ये ब्लूटूथ आणि वायफाय. छतावर शार्क फिन अँटेना, त्याच्याशी जोडलेलं गाडीचं स्वतःचं सिम आणि जीपीएस. चारही चाकांत हवेचा दाब कळवणारे सेन्सर. पुढच्या काचेवर फास्टॅग. मॉडेल महागाचं असेल तर बंपरमागे रडार आणि गिअरजवळ फोन नुसता ठेवला की चार्ज करणारी पट्टी. त्यात पाच माणसांचे पाच मोबाइल मिळवा. मोजणी डझनाच्या पुढे जाते.

यादी वाचून कोणालाही विचारावंसं वाटेल, की एवढ्या लहरींच्या मधोमध लेकराबाळांना घेऊन तास-दोन तास बसणं बरं का? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि नुसत्या भीतीवर सोडून देण्यासारखाही नाही. त्याचं उत्तर हिशोबाने देता येतं. यंत्रं किती आहेत, हे मोजून मात्र ते मिळत नाही. प्रत्येक यंत्राला तीन प्रश्न विचारावे लागतात : शक्ती किती वॅट, शरीरापासून किती लांब, आणि किती वेळ चालू. मालेगावहून नाशिकपर्यंतच्या शंभरेक किलोमीटरमध्ये हेच तीन प्रश्न आपण एकेका यंत्राला विचारत जाऊ.

लहर शरीरात काय करते

रेडिओ लहर, प्रकाश आणि क्ष-किरण ही एकाच कुळातली मंडळी. फरक कंपनसंख्येचा. क्ष-किरणाच्या एका कणात रेणूचे बंध तोडण्याएवढी ऊर्जा असते, म्हणून तो पेशीतल्या डीएनएला थेट इजा करू शकतो. गाडीतल्या यंत्रांमध्ये सर्वांत जास्त कंपनसंख्या रडारची, ७६ ते ७७ गिगाहर्ट्झ. तिच्या एका कणाची ऊर्जासुद्धा रेणूमधून इलेक्ट्रॉन उडवायला लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा सुमारे तीस हजार पट कमी पडते. ब्लूटूथ आणि मोबाइल तर त्याहूनही कितीतरी खाली.

अशा लहरींचा नक्की सिद्ध झालेला परिणाम एक, ऊतींचं तापणं. शरीराच्या दर किलोमागे सुमारे ४ वॅट ऊर्जा शोषली गेली की प्राण्यांवरच्या प्रयोगांत तापण्याचे परिणाम दिसू लागतात. आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय आयोगाने सर्वसामान्य लोकांसाठीची मर्यादा त्याच्या पन्नासाव्या हिश्शावर, किलोमागे ०.०८ वॅटवर ठेवली. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून मोबाइल टॉवरसाठी याहून कडक पाऊल उचललं आणि आयोगाने सुचवलेल्या लहरींच्या तीव्रतेच्या एक दशांशावर मर्यादा आणली. ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आयोगाचा आकडा दर चौरस मीटरला ४.५ वॅट, तर भारताने ठरवलेला ०.४५ वॅट. २ गिगाहर्ट्झच्या वर तो १० ऐवजी १ वॅट. हा १ वॅटचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चावीतला सेल

गाडीची चावी उघडून पाहा. आत रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल सापडेल, बहुतेक वेळा सीआर २०३२ जातीचा. ३ व्होल्टचा हा सेल साधारण २२० मिलिअँपिअर-तासांचा असतो. दोन्हींचा गुणाकार केला की त्यातली सगळी ऊर्जा हाती येते : पाऊण वॅट-तासाच्याही आत. घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब एवढ्या ऊर्जेवर पाच मिनिटंही जळणार नाही. चावीला मात्र हाच सेल वर्ष-दोन वर्षं पुरतो.

चावी किती शक्तीने बोलत असेल, याचा याहून भक्कम पुरावा नको. कुठलंही यंत्र आपल्या बॅटरीत असलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त बाहेर टाकू शकत नाही. ही चावी बहुतेक काळ गप्प असते. दाराच्या मुठीला हात लावला की गाडीतला अँटेना सव्वाशे किलोहर्ट्झच्या आसपासच्या मंद लहरींनी तिला जागं करतो, चावी ४३३ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात क्षणभर उत्तर देते आणि पुन्हा निजते. चाकांतले दाबाचे सेन्सरही याच पट्ट्यात थोड्या थोड्या वेळाने निरोप धाडतात. टायरच्या आत बसलेला त्यांचा सेल अनेक वर्षं बदलावा लागत नाही. सेल टिकतो कारण खर्चच जवळजवळ नाही.

जीपीएसचं तर आणखी सोपं. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे क्षीण संकेत तो फक्त ऐकतो, स्वतः काही पाठवत नाही. एसटी आणि टॅक्सीसारख्या प्रवासी वाहनांत बसवतात ते ठावठिकाणा सांगणारं यंत्र मात्र ऐकतंही आणि मोबाइलच्या जाळ्यावरून पाठवतंही.

आता स्क्रीनमधलं ब्लूटूथ. त्याची शक्ती साधारण २.५ मिलिवॅट. अर्ध्या मीटरवर बसलेल्या माणसापर्यंत ती पसरत पोचते तेव्हा दर चौरस मीटरला ०.०००८ वॅट उरते. वरचा १ वॅटचा आकडा आठवा, हे त्याच्या बाराशे पट खाली आहे. अंतर दुप्पट केलं की हा आकडा चौथाईवर येतो. लहरींच्या बाबतीत अंतर हे सर्वांत स्वस्त संरक्षण आहे, आणि गाडीतल्या बहुतेक यंत्रांपासून ते आपल्याला आपोआप मिळतं.

मंगरूळचा टोलनाका

सौंदाणे, उमराणे मागे टाकत गाडी चांदवडकडे निघते. चांदवडजवळच्या मंगरूळ टोलनाक्यावर आणि पुढे पिंपळगाव बसवंतला फास्टॅग वाचला जातो. फेब्रुवारी २०२१ च्या मध्यापासून देशभरातल्या राष्ट्रीय महामार्गांवर तो सक्तीचा झाला, तेव्हा काचेला कायमची चिकटलेली ही चिप दिवसभर लहरी सोडत असेल, अशी शंका अनेकांच्या मनात आली.

फास्टॅगमध्ये बॅटरीच नसते. कागदाच्या आत धातूचा पातळ अँटेना आणि त्याच्या मधोमध तीळभर चिप. नाक्यावरच्या छपराला लावलेला रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लहरी सोडतो. त्याच लहरीतल्या ऊर्जेवर चिप जागी होते, आपला क्रमांक उमटवून लहर परत पाठवते आणि गाडी पुढे गेली की मरगळून पडते. घराच्या अंगणात उभ्या गाडीच्या काचेवर तो नुसता कागद असतो.

रीडरला मात्र खरी शक्ती असते. भारतात त्याची परिणामी शक्ती जास्तीत जास्त ४ वॅट ठेवण्याची परवानगी आहे. ती पूर्ण वापरली असं धरलं, तरी पाच मीटरवरच्या माणसाला मिळणारी तीव्रता त्या पट्ट्याच्या भारतीय मर्यादेच्या विसाव्या हिश्शाच्या आसपास येते, आणि तीही काही सेकंद. प्रवाशाची काळजी इथे संपते. त्याच छपराखाली पाळी करणाऱ्या कर्मचाऱ्याचा प्रश्न वेगळा, कारण त्याचा वेळ सेकंदांत मोजला जात नाही. त्याच्या उभं राहण्याच्या जागेची मोजणी नाका चालवणाऱ्याने करावी, हे न्यायाचं आहे.

राहूड घाटात कानाला लावलेला फोन

गाडीतली सगळी यंत्रं एका पारड्यात आणि कानाला लावलेला मोबाइल दुसऱ्या पारड्यात टाकला, तर दुसरं पारडं खाली जातं. फोर-जी फोनची कमाल शक्ती सुमारे २०० मिलिवॅट, म्हणजे ब्लूटूथच्या ऐंशी पट. शिवाय तो अर्ध्या मीटरवर नसतो, कातडीला टेकलेला असतो. शक्ती जास्त, अंतर शून्य, आणि बोलणं लांबलं तर वेळही जास्त. तिन्ही प्रश्नांना त्याचं उत्तर सर्वांत मोठं.

फोन नेहमी पूर्ण शक्तीने बोलत नाही, हेही खरं. टॉवर जवळ असेल तर तो आवाज हजारो पटींनी खाली आणतो. मालेगावच्या कॅम्पात उभं राहून केलेला फोन आणि राहूड घाटाच्या वळणावर डोंगराआड गेल्यावर केलेला फोन यांत म्हणूनच मोठा फरक पडतो. रेंजची एकच दांडी दिसत असेल, तर फोन कमाल शक्तीच्या जवळ गेला आहे असं समजावं. त्यात गाडीचा पत्रा संकेत अडवतो. लहरी काचांमधून ये-जा करतात, कारण ९०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ३३ सेंटीमीटर लांबीची आणि खिडकी तिच्याहून मोठी. तरी वाटेत काही ताकद गळतेच, आणि ती भरून काढायला फोन आणखी जोर लावतो.

इथे गाडीतली दोन यंत्रं आपल्या बाजूने काम करतात. ब्लूटूथवर बोललं की फोन डोक्यापासून दूर खोबणीत राहतो आणि कानाशी येतो तो केवळ स्पीकरचा आवाज. छतावरचा शार्क फिन अँटेना पत्र्याच्या वर असल्यामुळे त्याला टॉवर सहज सापडतो, आणि खालचं लोखंडी छत त्याच्या लहरी प्रवाशांच्या बाजूला फारशा येऊ देत नाही. ज्या यादीला आपण भ्यायलो, तिच्यातलीच काही यंत्रं एकूण मात्रा कमी करतात.

कुलाब्याहून अलिबागला गेलेली वेधशाळा

वाहनाच्या विद्युतचुंबकीय क्षेत्राचा प्रश्न महाराष्ट्रात शंभराहून अधिक वर्षांपूर्वीही उभा राहिला होता, आणि त्यात एका अख्ख्या वेधशाळेला गाव सोडावं लागलं. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद होत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घोड्यांच्या ट्राम काढून विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी ओळखलं, की ट्रामचे विद्युतप्रवाह सुरू झाले की चुंबकमापकांच्या नोंदींना अर्थ उरणार नाही. त्यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभारली. तिच्या इमारतीसाठी चुंबकीय गुण नाहीत याची खात्री करून घेतलेला पोरबंदरी दगड आणला आणि बांधकामात लोखंड टाळलं. १९०४ मध्ये तिथे नोंदी सुरू झाल्या. १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला अचूक जोडता यावी. मुंबईत विजेची ट्राम धावली ती मे १९०७ मध्ये. अलिबागची वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि अजून मोजते आहे.

या हकिगतीतून एक भेद नीट समजतो. ट्रामने वेधशाळेतल्या सूक्ष्म उपकरणांचं काम अशक्य केलं असतं. त्याच ट्राममध्ये बसून मुंबईकर पुढे पिढ्यान्‌पिढ्या कामावर गेले. उपकरणात होणारा अडथळा आणि शरीराला होणारी इजा हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिथे मोबाइल बंद करायला सांगतात तेही याच कारणाने. आकाशातून येणारे अतिशय क्षीण संकेत आपल्या फोनच्या गोंगाटात बुडतात.

हाच भेद पेसमेकर बसवलेल्या माणसापाशी येऊन मात्र गळून पडतो. त्याच्या छातीत सूक्ष्म विद्युत उपकरणच आहे, आणि त्यातल्या अडथळ्याचं रूपांतर इजेत होऊ शकतं. म्हणून त्याने गाडीत काही अंतरं पाळावीत. फोन पेसमेकरपासून किमान १५ सेंटीमीटर दूर ठेवावा, सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवू नये. वायरलेस चार्जिंगच्या पट्टीवर वाकू नये. बटणाच्या चावीच्या अँटेनापासून २२ सेंटीमीटर दूर राहावं, अशी सूचना काही गाड्यांच्या पुस्तिकेत छापलेली असते. पेसमेकरवाल्या आईवडिलांना घेऊन नाशिकच्या हृदयरोगतज्ज्ञाकडे निघताना ही पुस्तिका सोबत न्यावी आणि डॉक्टरांना दाखवावी.

बॅटरीवरची गाडी

१ जून २०२२ रोजी एसटीची पहिली विजेवरची ई-शिवाई बस पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. तेव्हापासून विजेच्या वाहनांबद्दल नवी शंका ऐकू येते : पायाखाली एवढी मोठी बॅटरी, तिच्या प्रवाहाचं काय?

हे क्षेत्र रेडिओ लहरींचं नाही, मंद गतीने बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचं आहे. प्रवाह वाहतो तिथे ते असतंच. मालेगावच्या यंत्रमागाच्या मोटारीभोवती असतं, घरातल्या मिक्सरभोवती असतं. इंधनावरची गाडीही त्यातून सुटलेली नाही. टायरच्या आतल्या पोलादी तारांना चुंबकत्व आलेलं असतं, आणि चाक फिरलं की तेवढ्यानेही बदलतं क्षेत्र तयार होतं, हे सॅम्युअल मिल्हॅम आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मोजून दाखवलं. नॉर्वेच्या सिन्टेफ संस्थेच्या पुढाकाराने युरोपात झालेल्या तपासणीत, २०१४ च्या अहवालानुसार, विजेच्या गाड्यांत सर्वांत जास्त क्षेत्र जमिनीलगत बॅटरीजवळ सापडलं आणि तेही आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या २० टक्क्यांच्या आत. डोक्याच्या उंचीवर ते २ टक्क्यांच्याही खाली होतं. जर्मनीच्या किरणोत्सार संरक्षण विभागाने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या मोजणीत काही जागी, विशेषतः पाय ठेवायच्या जागेत, जोरात वेग घेताना क्षणभर मोठे आकडे दिसले. शरीरात त्यामुळे निर्माण होणारं क्षेत्र मात्र शिफारशीच्या मर्यादेतच राहिलं. आसन गरम करणाऱ्या तारा हा एक मोठा स्रोत निघाला, आणि त्या पेट्रोलच्या गाडीतही असतात.

कर्करोगाची शंका

मे २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओ लहरींना २-बी गटात टाकलं, आणि तेव्हापासून हा गट भीतीचं प्रमाणपत्र म्हणून फिरवला जातो. त्याचा अर्थ एवढाच, की पुरावा मर्यादित आहे, शक्यता नाकारता येत नाही, अभ्यास चालू ठेवा. अमेरिकेत २०१८ साली पूर्ण झालेल्या उंदरांवरच्या मोठ्या प्रयोगात, दिवसाला नऊ तास सर्वांगावर तीव्र लहरी सोडल्यावर, नर उंदरांच्या हृदयात विशिष्ट गाठी वाढलेल्या आढळल्या. त्याच प्रयोगात लहरी मिळालेले नर न मिळालेल्यांपेक्षा जास्त जगले. असे निकाल कपाटात ठेवून द्यायचे नसतात आणि त्यांवरून घाईने निष्कर्षही काढायचे नसतात.

माणसांकडे पाहिलं तर चित्र जास्त स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला आढावा १९९४ ते २०२२ या काळातल्या ६३ अभ्यासांवर उभा आहे. मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांत त्याला संबंध आढळला नाही, दहा वर्षांहून जास्त वापरणाऱ्यांतही नाही. कानाला लावलेला फोन हा सर्वांत मोठा स्रोत, आणि त्याच्याबद्दल हे म्हणता येतं. मग हात-दोन हात लांब असलेल्या, बहुतेक कितीतरी दुबळ्या यंत्रांबद्दल रात्रीची झोप घालवण्याचं कारण उरत नाही.

खरा धोका कुठे आहे

फोनमुळे रस्त्यावर माणसं मरतात, याला मात्र कुठल्याही शंकेची जागा नाही. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीत यातले सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यात आहेत, आणि तीन हजारांहून अधिक मृत्यू चालवताना मोबाइल वापरण्याच्या. ताशी ८० किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. मेसेजवर तीन सेकंद नजर गेली की ६६ मीटर रस्ता चालकाने पाहिलेलाच नसतो. कांद्याचा ट्रॅक्टर, उलट्या बाजूने येणारी दुचाकी, रस्ता ओलांडणारी शाळकरी मुलगी, यांतलं काहीही त्या ६६ मीटरमध्ये असू शकतं. हातात फोन धरून गाडी चालवणं २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, धोकादायक चालवण्याच्या गुन्ह्यात आलं आहे. ब्लूटूथमुळे हात मोकळे होतात. मन मोकळं होत नाही. चालकाने बोलायचंच असेल तर गाडी धाब्यावर थांबवून बोलावं.

लहरींची काळजी करणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच आग्रहाचं सांगणं आहे. ज्या सवयीने लहरींची मात्रा सर्वांत जास्त घटते, तिनेच अपघाताचा धोकाही सर्वांत जास्त घटतो. चालू गाडीत फोन कानापासून आणि हातापासून दूर ठेवा. मुलाला गप्प बसवायला मांडीवर मोबाइल देऊ नका, आणि द्यायचाच असेल तर सिनेमा आधी उतरवून घ्या आणि फोन विमान मोडवर टाका. रेंज नसलेल्या घाटात कॉल लावत बसू नका. रेडिएशन शोषून घेण्याचा दावा करणारी चकती किंवा स्टिकर घेऊ नका. असा स्टिकर संकेत खरोखर अडवत असेल तर फोन उलट जास्त जोर लावेल, आणि अडवत नसेल तर पैसे पाण्यात गेले.

एक मागणी कंपन्यांकडे आणि सरकारकडेही करायला हवी. भारतात विकला जाणारा प्रत्येक मोबाइल एक ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून किलोला १.६ वॅट या मर्यादेत असावा लागतो, आणि स्टार-हॅश-शून्य-सात-हॅश दाबलं की त्याचा आकडा स्क्रीनवर वाचता येतो. गाडीच्या कागदपत्रांत असा आकडा नसतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत गाड्यांची विद्युतचुंबकीय तपासणी होते. तिचा मुख्य भर असतो तो गाडीच्या यंत्रांनी इतर यंत्रांत आणि इतर यंत्रांनी गाडीत अडथळा आणू नये यावर. हाच प्रश्न प्रवाशाच्या बाजूनेही विचारता येईल : चालकाच्या डोक्याशी किती, मागच्या आसनावरच्या मुलाशी किती, पायाशी किती. हे आकडे मोजणं अवघड नाही, आणि इथवरच्या हिशोबावरून ते कमीच निघतील. गाडीच्या पुस्तिकेत मराठीतून ते छापले, तर मालेगावच्या शोरूममध्ये विचारलेल्या प्रश्नाला विक्रेत्याच्या आश्वासनाऐवजी मोजलेलं उत्तर मिळेल. लाखो रुपये मोजणाऱ्या ग्राहकाचा तेवढा हक्क आहे.